राजव्वाची नक्षी

अंगठ्यावरच्या दोन रेषांमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं. श्रीलता बिंगीने आईचा उजवा अंगठा प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली धरला, तेव्हा तिला एकूण तीन रेषा सापडल्या. तिन्ही नखाच्या कडेला, आणि त्यातलीही एक मध्येच तुटलेली. बाकीची कातडी सपाट होती. रोज सातआठशे बिड्या, अशी बेचाळीस वर्षं. तेंदूच्या पानाने घासून घासून सगळं पुसून नेलं होतं.

"किती निघाल्या?" नरसव्वाने विचारलं.

"तीन."

"तीन रेघांवर कोण जिवंत धरतंय," नरसव्वा म्हणाली आणि अंगठा पदराला पुसून परत घेतला, जणू उसना दिला होता.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी पेन्शन केंद्रातला कारकून तोंडाकडे बघून सही करायचा. दोन वर्षांपूर्वी ती सोय बंद झाली आणि सगळं यंत्रावर गेलं. नरसव्वाच्या बोटांना यंत्र नाही म्हणे. डोळ्यांचं यंत्र होतं, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेही नाही म्हणू लागलं. गेल्या नोव्हेंबरात दाखला निघालाच नाही, आणि यंदा केंद्रातली मुलगी हळू आवाजात म्हणाली होती, "आजी, तुम्ही सिस्टिममध्ये हयात दिसत नाही."

"मग इतका वेळ तुझं डोकं कोण खाऊलालंय?" नरसव्वाने तिला विचारलं होतं.

सोलापुरात अशा बायका हजारोंनी होत्या. त्यांना ओळखणारी एकच वस्तू शहरात होती, आणि ती श्रीलतानेच विणली होती.

जुन्या कापड गिरणीच्या आवारात, धुराड्याच्या पायथ्यापासून फाटकापर्यंत, बसक्या कट्ट्यावर साठ मीटर लांबीचं कापड ताणून बसवलेलं होतं. उद्घाटनाच्या पाटीवर त्याचं नाव 'संवादपट' असं होतं. लोक त्याला चादर म्हणत. सोलापुरात ताणून बसवलेल्या कापडाला दुसरं नाव मिळणं अवघडच होतं.

त्या चादरीच्या प्रत्येक धाग्याच्या गाभ्यात एक विशिष्ट प्लास्टिक होतं. दाबलं की त्यात किंचित वीज तयार होते. गाभ्याभोवती रंगाचा पीळ होता, आणि तेवढी वीज पोचली की त्याचा रंग पालटे. हात टेकवला की हाताखालून नक्षी उमलत जाई. माणूस हात टेकवतो तेव्हा पाचही बोटं एकदम टेकत नाहीत. करंगळी आधी की तर्जनी, त्यांच्यामधलं अंतर सेकंदाचा कितवा हिस्सा, दाब चढतो कसा आणि उतरतो कसा, याची प्रत्येकाची लय निराळी असते. या लयीचीच नक्षी होई. कुणाची कुयरी, कुणाची चौकट, कुणाच्या नुसत्या पाण्यासारख्या रेषा.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण महिन्याने परत आलेल्या माणसाला चादरीने ओळखावं, त्याचीच नक्षी त्याला परत दाखवावी, असं श्रीलताला वाटलं. म्हणून तिने चादरीला आठवण दिली. पहिल्यांदा हात टेकवताना कडेच्या स्क्रीनवर नाव नोंदवायचं, मग नक्षी आणि नाव दोन्ही चादरीच्या लक्षात राही. हे कुणी मागितलं नव्हतं. लोकांना मात्र त्याचंच वेड लागलं. संध्याकाळी घरंच्या घरं यायची, आपापली नक्षी शोधायची. दुपारी धुराड्याच्या सावलीत बिडीवाल्या बायका सूप मांडीवर घेऊन कट्ट्याच्या दोन्ही कडांवर ओळीने बसायच्या. वळता वळता एखादीचा हात चादरीला लागे आणि तिच्या कोपराशी तिची नक्षी उमटे. ज्या बोटांना रेशनचं यंत्र, दवाखान्याचं यंत्र, पेन्शनचं यंत्र नाही म्हणे, त्या बोटांना चादर पहिल्या झटक्यात हो म्हणे.

एक दोष मात्र श्रीलताला उन्हाळ्यातच दिसला होता. ती स्वतः चादरीवर हात टेकवी तेव्हा मोहरीच्या रंगाच्या दाण्यांची नक्षी उमटे. ती नरसव्वाची होती.

कारण शोधायला तिला दोन रात्रीही लागल्या नाहीत. पंधरा वर्षांची होईपर्यंत तीही आईशेजारी बसून बिड्या वळत होती. पान कसं धरायचं, जर्दा कुठवर पसरायचा, कुठल्या बोटाने लोटायचं आणि कुठल्या नखाने तोंड मुडपायचं, हे आईने तिच्या हातावर हात ठेवून शिकवलं होतं. पुढे ती शिकली, पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेऊन टेक्स्टाइल कॉलेजात शिकवू लागली, पण बोटं शिकलेलं विसरली नव्हती. चादरीच्या लेखी ती आणि आई एकच बाई होत्या.

दोष दिसला की तो काढायचा, ही तिची सवय. बोटाच्या टोकाशी प्रत्येक ठोक्याला रक्ताची बारीक लाट येते. त्या लाटेचा आकार रोहिणीच्या लवचीकपणावर ठरतो. वळायला शिकवता येतं, नाडी शिकवता येत नाही. तिने लयीच्या मोजणीखाली नाडीच्या मोजणीचा आणखी एक थर बसवला. श्रावणात तो पुरा झाला. प्रयोगशाळेतल्या हातभर तुकड्यावर तिने आधी आईचा हात टेकवून घेतला, मग आपला. दोन वेगळ्या नक्ष्या उमटल्या. पुन्हा केलं, पुन्हा दोन. एकदाही चूक झाली नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिने तो थर एका डिस्कवर उतरवला, डिस्क पर्समध्ये ठेवली आणि मोठ्या चादरीवर काही बसवला नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणे, चाचण्या चालू आहेत, पुढच्या आठवड्यात होईल.

विचारणारा एकच होता. प्रणव देवस्थळी. 'साक्ष सिस्टिम्स' या कंपनीकडे चादरीची देखभाल होती, आणि प्रणव तिचा इथला प्रमुख. माणूस सभ्य होता. बायकांना काकू म्हणे, चहा घेतल्याशिवाय निघत नसे. रुमालाएवढा तुकडा प्रत्येक केंद्रावर बसवायचा आणि बोटांच्या रेषांचं झंझट कायमचं संपवायचं, अशी त्याची योजना होती.

"तुमच्या आईंचा दाखला पहिला निघेल, मॅडम," तो म्हणे. "फक्त तो वेगळं करणारा थर द्या."

"पुढच्या आठवड्यात," श्रीलता म्हणे.

*

सप्टेंबरात राजव्वा कोंडा गेली. बिडीवाल्यांत सगळ्यांत जुना हात तिचा. तिची नक्षी गर्द हिरवी, काठाला डाळिंबी, ओव्याच्या फुलासारखी बारीक. तिच्या तेराव्याला बायकांनी चादरीवर तिच्या जागी सूप पालथं घातलं होतं आणि ती जागा रिकामी ठेवली होती.

चाळीस दिवसांनी, भर दुपारी, त्या जागेपासून पाचसहा हात अंतरावर राजव्वाची नक्षी उमटली.

श्रीलता तेव्हा धुराड्याजवळ एक तुटलेला धागा जोडत होती. आधी बायकांच्या गप्पा थांबल्याचं तिच्या लक्षात आलं. मग तिने पाहिलं. कुणी ओरडलं नाही. एका म्हातारीने हात जोडले. नक्षीच्या मध्यावर शकीला शेख बसली होती. तळवा चादरीला चिकटल्यासारखा, चेहरा पांढरा.

"मी काय केलं नाही ताई," ती श्रीलताला म्हणाली. "पाय सुन्न झाले म्हणून हात टेकून उठायलते नुसती."

"आजपर्यंत कधी हात लावला नव्हतास?"

"नाही. राजव्वाला आवडत नव्हतं. म्हणायची, माझी एक उमटली ना, तुझी कशाला पाहिजे."

"तुला वळायला कुणी शिकवलं?"

शकीलाने तिच्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं. "तिनंच की. अकरा वर्षांची होते मी. अम्मी गेली, तेव्हा राजव्वाने नेऊन मांडीशी बसवलं. सहा वर्षं तिच्याच कार्डावर वळलं मी. कारखान्याला काय माहीत, माल दोघींचा, नाव एकीचं."

नरसव्वा वाकून नक्षी बघत होती. "अगं, तिचाच हात आहे हा," ती म्हणाली. "तुझ्या मनगटाला लावून गेली ती. आम्हाला रडवून स्वतः इथं बसलीय बघ आरामात."

बायका हसल्या, आणि हसता हसता दोघीतिघींनी डोळे पुसले. श्रीलता उभी होती. पर्समध्ये डिस्क होती. हा थर बसवला तर राजव्वाची नक्षी या शहरात पुन्हा उमटणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि ही गोष्ट कुठल्याही चाचणीच्या तक्त्यात मांडता येत नव्हती.

*

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आवार व्यवस्थापन समितीने ठरवलं, की आवाराला कुंपण घालायचं आणि फाटकावर चादरीचा तुकडा बसवायचा. हात टेकवायचा, ओळख पटली तर आत. कारण दिलं होतं शिस्तीचं. दुपारभर आवारात बसून पानांचा कचरा करणाऱ्यांवर वचक हवा, असं इतिवृत्तात होतं.

बिडीवाल्या बायका एक दिवस काम बंद करून आवारात बसल्या. घोषणा फारशा दिल्या नाहीत. सूपं रिकामी ठेवून बसल्या, एवढंच. नरसव्वाचा गुडघा सुजला होता, ती घरीच होती. तिच्या वाट्याचं म्हणून श्रीलता संध्याकाळपर्यंत बसली.

पाच दिवसांनी दोनशे बारा जणींना नोटिसा आल्या. आवारात अडथळा आणल्याबद्दल वर्षभर प्रवेशबंदी का करू नये, सोमवारच्या सुनावणीत उत्तर द्यावं. सोबत प्रत्येकीची वेळ होती. अमुक वाजून अमुक मिनिटांनी बसली, अमुक वाजता उठली. देखभालीच्या करारानुसार चादरीच्या आठवणीची एक प्रत रोज कंपनीकडे जात होती. त्या करारावर श्रीलताची सही होती. कलम तिने वाचलं होतं, तेव्हा ते बॅकअपचं कलम वाटलं होतं.

एक नोटीस राजव्वा कोंडाच्या नावाची होती. एक नरसव्वाची.

"दाखल्याला मेलेली, नोटिशीला जिवंत," नरसव्वा म्हणाली. "यांचं आपसात बोलणं नाही का काही?"

प्रणव दुसऱ्याच दिवशी कॉलेजवर आला. तो खरोखर ओशाळला होता.

"हे चुकीचंच झालं, मॅडम. मेलेल्या बाईला नोटीस, घरी झोपलेल्या बाईला नोटीस. पण हे कशामुळे झालं? तुमचा थर नाही म्हणून. तो असता तर ज्या बसल्या होत्या त्यांनाच गेल्या असत्या."

"म्हणजे मला आली असती."

"तुमचं आपण बघून घेतलं असतं."

"आणि शकीलाला आली असती."

"ती होतीच ना तिथे," प्रणव म्हणाला. हे वाक्य म्हणताना त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. "सोमवारी सुनावणीत अध्यक्ष तुम्हाला विचारतील. तिथेच थर सुपूर्द करा. तो घेण्याचा ठराव मांडलाय, हयातीच्या दाखल्यांचं कामही त्यातच आहे. दोन्ही एकदम होईल. नाही दिलात तर करारभंग धरतील, आणि कॉलेजलाही कळवतील. मला ते नकोय."

"पुढच्या..." श्रीलता म्हणाली आणि थांबली. पुढचा आठवडा सोमवारीच सुरू होत होता.

*

रविवारी दुपारी तिने आईला सांगितलं. नरसव्वा पानं कापत होती. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, तुकडा सुपात. पेन्शनीत निघूनही तिचं हे थांबलं नव्हतं. हात रिकामे राहिले की तिला झोप येत नसे.

"अम्मा, तो थर तयार आहे."

"कधी झाला?"

"श्रावणात."

कात्री थांबली. "म्हणजे तीन महिने मी मेलेली फिरलालीय, आणि माझा जीव तुझ्या पर्शीत?"

श्रीलताने सुपाबाहेर पडलेला पानाचा एक तुकडा उचलून परत आत टाकला.

"त्या केंद्रातल्या लाकडी बाकावर चार वेळा गेले. गुडघा धरून. तू सोडायला आलीस, घेऊन आलीस. तोंडातून शब्द नाही काढलास. बापाची सवय. त्यालाही गिरणी सुटल्याचं महिन्याने सांगावंसं वाटलं, तोवर रोज डबा घेऊन जात होता."

"दिला असता तर तुझा दाखला निघाला असता. आणि त्याच थराने फाटकावर उभं राहून त्यांनी शकीलाला बाहेर ठेवलं असतं. आज ते तुम्हाला वेगळं करू शकत नाहीत, म्हणून नोटिशीत मेलेलं माणूस आहे. त्यामुळेच ती नोटीस टिकणार नाही."

"हे तुला श्रावणात कळलं होतं?"

"नाही. श्रावणात नुसतं वाटलं होतं, की देऊ नये. का, ते कळत नव्हतं."

नरसव्वाने कापलेली पानं सारखी केली. मग म्हणाली, "आमच्यात एकीच्या कार्डावर दुसरी वळायची. बाळंतीण असली की तिचं सूप शेजारणीने भरायचं. चेकर माल उचलून बघायचा, त्याला एका हाताचाच वाटायचा. कुणाचं कुठलं, ते कळलं असतं तर निम्म्या बायका उपाशी मेल्या असत्या."

"मग तुझं म्हणणं, देऊ नको?"

"माझं म्हणणं काय नाही. मला दाखला पाहिजे. खोटं कशाला बोलू." तिने पुन्हा कात्री उचलली. "नाही दिलास तर मी सूप घेऊन त्या केंद्रात जाऊन बसीन. रोज. मेलेल्या बाईला तिथून उठवायला कोण येतंय ते बघते. पण काय ठरवशील ते मोठ्यानं बोल. लोकांना अंदाजावर ठेवू नकोस."

त्या संध्याकाळी श्रीलताने एकच गोष्ट पुन्हा तपासली. ऊन आणि गारव्याने चादरीचे धागे रोज किंचित बदलतात, म्हणून रोज पहाटे चादर मूळ आठवणीशी ताडून स्वतःचं माप दुरुस्त करून घेते. मूळ आठवण पुसली तर ती दुरुस्ती बंद पडेल, आणि कंपनीकडची प्रत पंधरा दिवसांत कुठल्याच हाताशी जुळणार नाही. चादर मग हाताला नक्षी देईल, पण हात उचलला की विसरेल. तिने हिशेब तीन वेळा केला. उत्तर तेच आलं.

*

सुनावणी आवारातच होती, कारण दोनशे बारा जणी मावतील अशी खोली समितीकडे नव्हती. धुराड्याच्या सावलीत टेबल मांडलं होतं, त्यावर चादरीला जोडलेला स्क्रीन. बायका कट्ट्यावर आपापल्या जागी बसल्या, आणि सवयीने सूपं मांडीवर घेतली. समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली. ज्या बाईचं नाव येईल तिने हात टेकवून हजेरी द्यायची होती.

दहाबारा नावं झाली. मग त्यांनी वाचलं, "राजव्वा कोंडा."

शकीलाने तळवा टेकवला. गर्द हिरवं उमललं, काठाला डाळिंबी.

"हजर," ती म्हणाली.

"हजर," मागून कुणी तरी म्हणालं, मग आणखी कुणी, मग सगळी ओळ.

अध्यक्षांनी यादी पाहिली, स्क्रीन पाहिला. स्क्रीनवर राजव्वाचंच नाव होतं. "या बाई वारल्या आहेत, असं मला सकाळी सांगण्यात आलं."

"वारल्या की," नरसव्वा म्हणाली. "आम्हीच पोचवलं."

"मग हे कोण?"

"तुमच्या यंत्राला विचारा. आम्हाला विचारून कुठं नोटीस काढली होती."

हशा पिकला. प्रणव टेबलाशी वाकला. "सर, ही तांत्रिक अडचण आहे. मॅडमकडे त्याचा उपाय आहे. पुढच्या आठवड्यापर्यंत..."

"लता," नरसव्वाने हाक मारली. सुपातून मान वर न काढता, जेवायला बोलवावं तशी. "आज कुठला आठवडा आहे ते सांग की त्यांना."

श्रीलता कट्ट्याजवळ गेली. तिने हात चादरीवर ठेवला. तिच्या तळव्याखाली मोहरीचे दाणे उमटले, आणि चार हातांवर, आईच्या कोपराशी, तसेच दाणे आधीपासून होते. स्क्रीनवर नरसव्वा बिंगी हे नाव दोनदा आलं. अध्यक्ष लेखणी खाली ठेवून तिच्याकडे बघत होते. तिला जाणवलं, की आपला आवाज वर्गातल्यासारखा निघेल, आणि तसाच निघाला.

"त्या दिवशी नरसव्वाच्या जागी मी बसले होते. नोटीस मला हवी. चादरीला आठवण मी दिली, ती चूक माझी. ती आज, इथेच, तुम्हा सगळ्यांसमोर मी पुसणार आहे. बायकांना वेगवेगळं करणारा थर तयार आहे. तो श्रावणापासून तयार आहे आणि माझ्या पर्समध्ये आहे. त्याने माझ्या आईचा दाखला निघाला असता, हे तिला माहीत आहे." तिने एकदा आईकडे पाहिलं. नरसव्वाची बोटं पानावर थांबली होती.

"तो थर मी देणार नाही."